वारसांच्या नावावर न चढलेला जुना फ्लॅट : घेणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९८९ साली बांधलेल्या एका सहकारी गृहरचना संस्थेतला, दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आपल्याला आणि आपल्या पत्नीला पसंत पडला आहे. ज्यांच्या नावावर तो आहे ते गृहस्थ आणि त्यांची पत्नी, दोघेही आता हयात नाहीत. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी अमेरिकेत असते. सोसायटीकडे थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून नोंदलेले आहे आणि तो म्हणतो, "नॉमिनी मीच आहे, सही माझीच लागेल, पाच लाख विसार द्या, बाकीचे कागद सावकाश करू." मागणी ८० लाखांची आहे. हा भाव बरोबर आहे का, विसार द्यावा का, आणि मध्ये असलेल्या एजंटने नेमके काय करायला हवे, हे आपण विचारले आहे. अशाच स्थितीत असलेल्या विक्रेत्यांकडूनही मला वारंवार विचारणा होते, म्हणून त्यांची बाजूही याच उत्तरात घेत आहे.

सर्वप्रथम, विसार आत्ता देऊ नये. पुण्याच्या या भागात मी अनेक वर्षे पुनर्विक्रीच्या फ्लॅटचे व्यवहार करत आलो आहे आणि माझे मत आता पक्के झाले आहे की, असे व्यवहार भावावरून फारसे मोडत नाहीत. ते मोडतात ते सही कोणाकोणाची लागणार हे उशिरा कळल्यामुळे, आणि तोवर खरेदीदाराचे पैसे अडकलेले असतात. दोन-तीन लाखांचा फरक बोलणी करून मिटवता येतो. परंतु सही करण्याचा हक्क असलेली एक व्यक्ती राहून गेली, तर तो दोष कितीही घासाघीस करून भरून निघत नाही. म्हणून भावाचा विचार मी मुद्दाम नंतर घेणार आहे.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. सभासद वारल्यानंतर सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा, मासिक खर्च कोणाकडे मागायचा, याची सोय म्हणून नामनिर्देशन असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि त्यात ही गोष्ट अधिक स्पष्ट झाली : नॉमिनीला संस्था तात्पुरता सभासद करून घेते, आणि कायमचा हक्क मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा कुटुंबातील लेखी व्यवस्थेचा दस्त यांवरून ठरतो. फ्लॅटची मालकी वारसांकडे जाते. सोसायटीच्या दप्तरात एका मुलाचे नाव असले म्हणून उरलेल्या दोन भावंडांचा हिस्सा नाहीसा होत नाही.

आता वारस कोण, हे आपण सांगितलेल्या माहितीवर न थांबता तपासावे लागेल. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखे हिस्से मिळतात. विवाहित मुलीचा हिस्सा भावांइतकाच असतो. लग्नात काय दिले-घेतले याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, वडील वारले त्या दिवशी त्यांची आई हयात असेल तर तीही प्रथम वर्गातील वारस असते, आणि ती पुढे वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे आत्या-काकांकडेही जातो. एखादा मुलगा वडिलांच्या आधी वारला असेल तर त्याची विधवा आणि मुले येतात. म्हणून दोघांचेही मृत्युदाखले मागा, दोन्ही तारखा पाहा, आणि आजीविषयी स्पष्ट विचारा. त्याचप्रमाणे मूळ करारनाम्यात फक्त वडिलांचे नाव आहे की आईचेही आहे, हे पाहा. त्या काळी पतीपत्नीच्या जोडनावाने घेतलेली घरे पुष्कळ आहेत आणि आईचा हिस्सा वेगळ्या क्रमाने उतरतो.

कुटुंबाची वंशावळ कळली की पुढे मार्ग प्रामुख्याने दोन राहतात. पहिला, सर्व वारसांनी विक्रेते म्हणून एकाच दस्तावर सही करणे. दुसरा, दोन भावंडांनी थोरल्याच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे आणि मग त्याने एकट्याने विकणे. विक्रीच करायची असेल तर मी नेहमी पहिला मार्ग सुचवतो. हक्कसोडपत्राला जवळच्या नात्यात नाममात्र मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे ते सोपे वाटते. पण कागदोपत्री सगळी रक्कम एकट्या थोरल्या भावाच्या खात्यात येते, भांडवली नफ्याचा कर त्याच्या एकट्याच्या माथी बसतो, आणि बहीणभावांना त्याने नंतर किती द्यायचे हे तोंडी राहते. भावाने पुढे शब्द पाळला नाही, तर बहीण हक्कसोडपत्रालाच आव्हान देते आणि त्या दाव्यात खरेदीदारही ओढला जातो. तिघांनी सही केली आणि तिघांच्या खात्यात आपापला हिस्सा परस्पर जमा झाला, तर कोणाच्याही मनात किंतु राहत नाही. मृत्युपत्र असल्याचे कोणी सांगितले तर ते वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आणि मृत्युपत्र असतानाही इतर भावंडांनी संमती देणारे म्हणून दस्तावर सही केली तर उत्तमच.

अमेरिकेतील बहिणीचा मुद्दा स्वतंत्र आहे आणि बहुतेक वेळ तोच खातो. ती येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय वकिलातीसमोर सही केलेले असावे किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिल केलेले, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून तिथल्या सरकारचे प्रमाणन घेतलेले, असावे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क येथे भरून घ्यावे. मजकूर मोघम चालत नाही. कोणता फ्लॅट, कोणत्या सोसायटीतला, त्याच्या सीमा, विकण्याचा, दस्तावर सही करण्याचा आणि दुय्यम निबंधकांसमोर तो कबूल करण्याचा अधिकार, हे सर्व शब्दांत हवे. "माझ्या सर्व मिळकतींची देखभाल करावी" असे लिहिलेले जुने मुखत्यारपत्र दाखवले गेले तर ते विक्रीसाठी पुरेसे समजू नये. रक्कम स्वीकारण्याचा अधिकार भावाला न देता तिचे पैसे तिच्या येथील एनआरओ खात्यातच, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठी असलेल्या बँक खात्यातच, जावेत, असा माझा आग्रह असतो. सही करताना व्हिडिओ कॉलवर तिच्याशी प्रत्यक्ष बोलून घ्यावे. किंमत तिला माहीत आहे का, हे त्या दोन मिनिटांत कळते.

ती कराच्या दृष्टीने अनिवासी असल्याने आपली जबाबदारीही बदलते. ५० लाख किंवा त्यापेक्षा जास्त किमतीचे घर घेताना निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून तो सरकारजमा करणे हे खरेदीदाराचे काम आहे. हिस्से पाडून प्रत्येकाला २६-२७ लाखच मिळतात म्हणून ही अट लागत नाही, असे कोणी सांगेल. ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांची मिळून एकूण रक्कम पाहिली जाते, त्यामुळे दोन्ही भावांच्या हिश्श्यावर १ टक्का कापावाच लागेल. बहिणीच्या हिश्श्याला मात्र हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही. तिथे दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या १२.५ टक्के दराने, अधिभार आणि उपकर धरून कपात होते, आणि आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र तिने आणले नसेल तर सावध सनदी लेखापाल ती तिच्या पूर्ण हिश्श्यावर करायला सांगतात. प्रमाणपत्राला काही आठवडे लागतात, म्हणून अर्ज बोलणी सुरू असतानाच करावा. कमी कर कापला गेला तर आयकर खाते आपल्याला विचारते, तिला नव्हे. हे लक्षात ठेवूनच सनदी लेखापालाची फी द्यायला कचरू नये.

यानंतर कागदांची साखळी. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या करारनाम्यापासून आजपर्यंत फ्लॅट ज्यांच्या ज्यांच्या हातून गेला, त्या प्रत्येक टप्प्याचा मूळ दस्त, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा), हातात घेऊन पाहिला पाहिजे. फोटोकॉपीवर समाधान मानू नये. १९८० आणि १९९० च्या दशकांतील फायलींमध्ये एक गोष्ट हमखास आढळते : नोंदणीची पावती नीट जपलेली असते, पण दस्त मात्र नसतो. त्या काळी दस्त नोंदणीला दिल्यावर परत मिळायला बराच अवधी लागे. काही दस्त मुद्रांक कमी पडला म्हणून अडकून राहत, आणि घरमालक पावती हाती आल्यावर निर्धास्त होऊन तो आणायला कधी जातच नसे. पावतीवर दस्त क्रमांक आणि वर्ष असते. त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन दस्त खरोखर नोंदला गेला का, की कमी मुद्रांकामुळे प्रलंबित आहे, हे कळते. प्रलंबित असेल तर कमी पडलेले शुल्क आणि दंड भरून तो मोकळा करून घेणे हे विक्रेत्याचे काम आहे आणि ते विसाराच्या आधी व्हायला हवे.

सोसायटीचा भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, बहुतेक जण पुढच्या बाजूने पाहतात. तो उलटावा. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो : तारीख, हस्तांतर क्रमांक, नव्या सभासदाचे नाव, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. वडिलांनी हा फ्लॅट समजा १९९७ साली पहिल्या मालकाकडून घेतला असेल तर त्या तक्त्यात त्यांच्या नावाची ओळ हवी. ती नसेल, सही एकाचीच असेल किंवा नाव खोडून वर लिहिलेले असेल, तर सोसायटीच्या सभासद नोंदवहीशी ते ताडून घ्यावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि सचिव सहसा नोंदवही दाखवायला तयार असतात.

पुण्यात आणखी एक वेगळेपण आहे. येथे बाहेरच्या पाटीवर "सोसायटी" लिहिलेले असले तरी अनेक इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. तिथे भाग दाखला नसतो. संपूर्ण इमारतीचे डीड ऑफ डिक्लरेशन (घोषणापत्र) आणि प्रत्येक सदनिकेचे डीड ऑफ अपार्टमेंट (मालकीचा दस्त) असते, आणि जमिनीतील अविभक्त हिश्श्याची टक्केवारी त्यात लिहिलेली असते. आपल्या फ्लॅटची संस्था सहकार कायद्याखालीच नोंदली आहे ना, हे नोंदणी प्रमाणपत्रावरून खात्री करून घ्या, कारण हस्तांतराची सगळी पद्धत त्यावरून ठरते.

जमिनीचेही पाहावे. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे? सोसायटीचे असेल तर बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करणारा दस्त, करून दिला आहे, किंवा बिल्डरने तो न दिल्यामुळे संस्थेने सरकारी अधिकाऱ्याकडून मानीव अभिहस्तांतरण मिळवले आहे. जुन्या जमीनमालकाचेच नाव असेल तर व्यवहार अडत नाही, पण पुढे पुनर्विकासाच्या वेळी ते काम आधी करावे लागणार आणि त्याला वेळ लागणार, हे भाव ठरवताना मोजावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी शासनाने सहकारनगरसारख्या भागांत जमिनी दिल्या. शासनाने दिलेल्या अशा जमिनींवरील हस्तांतराला अटी असू शकतात. आपली इमारत कोथरूडची असल्याने हा प्रश्न बहुधा येणार नाही, तरी सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून मालकीचा अहवाल, काढणाऱ्या वकिलाला जमिनीचा धारणा प्रकार (ती कोणत्या हक्काने व अटींवर धारण केली आहे) स्पष्ट लिहायला सांगावे. सर्च निदान ३० वर्षांचा असावा, आणि तो विक्रेत्याच्या किंवा एजंटच्या वकिलाने नव्हे, आपल्या वकिलाने घ्यावा. बँकेचा वकीलही तपासतो, परंतु तो बँकेची रक्कम सुरक्षित आहे का एवढेच पाहतो. त्याचबरोबर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी, तिची मुदत संपू द्यावी, आणि हरकत आली नाही असे वकिलाकडून लेखी घ्यावे.

हे सर्व वाचून विसार कधी द्यायचा, असे आपण विचाराल. वंशावळ, मूळ दस्त आणि तिन्ही भावंडांची लेखी संमती एवढे हाती आल्यावर. त्या वेळीही रक्कम माफक असावी, ती चेकने किंवा बँकेतून द्यावी, आणि विसारपावतीत तिघांची नावे असावीत. ठरावीक मुदतीत विक्रेत्यांकडून कागद पूर्ण झाले नाहीत किंवा बँकेने कागदांतील दोषामुळे कर्ज नाकारले तर विसार पूर्ण परत मिळेल, हे कलम त्यात नसेल तर सही करू नये. विक्रेत्याच्या बाजूने पाहता, खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली तर किती रक्कम कापली जाईल हेही त्यातच लिहिलेले असावे. ते न्याय्यच आहे.

आता भाव. १९८९ च्या करारनाम्यात क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेले असते आणि जाहिरातीत तेच वापरले जाते. टेप घेऊन स्वतः मोजा. समजा करारनाम्यात ७५० चौरस फूट आहे आणि आतून भिंत ते भिंत मोजल्यावर कार्पेट ६१० भरते. मग ८० लाखांना विक्रेत्याच्या हिशेबाने दर १०,६६७ रुपये होतो आणि आपण प्रत्यक्ष वापरणार त्या जागेवर १३,११५ रुपये. शेजारच्या नव्या इमारतीत कार्पेटवर सांगितलेल्या दराशी तुलना करायची असेल तर ती दुसऱ्या आकड्याशी करावी. बंदिस्त केलेली बाल्कनी मंजूर नकाशात काय आहे तेही पाहावे. आणि आसपासच्या इमारतींत गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या किमती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोनमध्ये पाहता येतात. जाहिरातींतले आकडे ही मागणी असते. व्यवहार कितीला झाला हे फक्त तिथे दिसते. मी स्वतः कोणत्याही विक्रेत्याला भाव सांगण्याआधी त्याच रस्त्यावरच्या नोंदी काढतो, आणि प्रत्येक खरेदीदाराने आपल्या एजंटकडे त्या मागाव्यात असे मला मनापासून वाटते.

या फ्लॅटच्या भावात पुनर्विकासाची आशा मिसळलेली असणार, याची मला खात्री आहे. कोथरूडमध्ये आज जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीच्या विक्रेत्याकडून "रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, इतके टक्के जास्त जागा मिळणार" हे ऐकायला मिळते. ते खरे होईलही. पण त्यासाठी पैसे मोजण्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव पाहा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे प्रक्रिया सुरू झाली आहे का, ५१ टक्के सभासदांची संमती आहे का, विकसक नेमला गेला आहे का, हे इतिवृत्तांवरून कळते. समोरच्या रस्त्याची रुंदीही पाहा. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरण्यावर मोठी मर्यादा येते आणि विकसकाला गणित जमत नाही, मग सभासदांचा उत्साह कितीही असो. विकसन करारनामा नोंदणीकृत झालेला नसेल, तर माझ्या मते पुनर्विकासापोटी एक रुपयाही जास्त देऊ नये. इमारतीचे आजचे आरोग्य मात्र जरूर मोजावे : आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवे. शेवटचा अहवाल मागा. बँकही जुन्या इमारतीवर कर्जाची मुदत कमी करते, त्यामुळे हप्ता वाढतो, हे आधी बँकेत विचारून घ्या.

किमतीवर वरचा खर्चही धरावा लागेल. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभार व मेट्रो उपकर धरून ७ टक्के आहे. ८० लाखांवर ते ५ लाख ६० हजार होते. फक्त पत्नीच्या नावाने घर घेतले तर १ टक्का सवलत मिळून ४ लाख ८० हजार लागतील. दस्तात आपलेही नाव खरेदीदार म्हणून आले तर ही सवलत मिळत नाही. कर्जात सहअर्जदार म्हणून आपण राहू शकता, पण मालकी तिची एकटीची असेल, हा निर्णय दोघांनी विचारपूर्वक घ्यावा. नोंदणी फी ३० हजार. शुल्क करारातील किंमत आणि रेडीरेकनरची, म्हणजे शासनाच्या दरपत्रकाप्रमाणे येणारी, किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर बसते. जुन्या इमारतीला वयाप्रमाणे घसारा मिळतो, म्हणून मूल्यांकन करताना बांधकामाचे वर्ष पुराव्यासह, म्हणजे भोगवटापत्र किंवा जुनी कर आकारणी जोडून, नोंदवले गेले आहे ना हे पाहावे. दलाली आमच्या भागात प्रत्येक बाजूकडून साधारण १ ते २ टक्के असते आणि ती आधीच लेखी ठरवावी.

सोसायटीच्या हस्तांतर अधिमूल्यावर (फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेवर) शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने महापालिका क्षेत्रात २५ हजारांची कमाल मर्यादा घातलेली आहे. तरीही "इमारत निधी" किंवा "ऐच्छिक देणगी" या नावाने जास्त मागणी होते. देऊ नये, आणि नम्रपणे परिपत्रकाची प्रत पुढे ठेवावी. पार्किंगचेही तसेच : २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्टिल्टमधले किंवा उघडे पार्किंग बिल्डर स्वतंत्र विकू शकत नाही. त्यामुळे विक्रेत्याने पार्किंगसाठी वेगळी रक्कम मागितली तर आधी सोसायटीचा वाटपाचा ठराव बघावा.

काही रक्कम रोखीने द्या, असे सुचवले जाण्याची शक्यता आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आपले नुकसान वेगळे आहे : कागदावरची किंमत कमी झाली की कर्ज कमी मिळते, आणि पुढे आपण विकाल तेव्हा नफा मोठा दिसून कर आपणच भराल. अशा व्यवहारात मी मध्यस्थी करत नाही, आणि जो एजंट हा मार्ग स्वतःहून सुचवतो त्याला आपल्या पैशांची काळजी आहे असे मी मानत नाही.

एजंटने काय करायला हवे, हा आपला तिसरा प्रश्न. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, त्याची नोंदणी आहे का हे विचारा. आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्ही आवश्यक आहेत. तो दोन्ही बाजूंकडून दलाली घेत आहे का, हे त्याने न विचारता सांगायला हवे. विक्रेत्याला किती रक्कम मिळणार हे आपल्याला आणि आपण किती देणार हे विक्रेत्याला माहीत असायला हवे. दोन्ही पक्षांची भेट लांबवणाऱ्या एजंटपासून दूर राहावे. घर दाखवणे हा त्याच्या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. भावंडांना एका टेबलाशी आणणे, जुना दस्त शोधून काढणे, विक्रेत्याची बँक, आपली बँक, सोसायटी आणि वकील यांच्या तारखा जुळवणे, यासाठी आपण त्याला पैसे देता.

विक्रेत्या भावंडांना माझे सांगणे असे की, जाहिरात देण्याआधी तिघांनी एकत्र बसून एक लहानसा लेखी करार करावा : किमान किंमत, हिस्से, खर्च कोणी किती करायचा. खरेदीदार दारात उभा असताना हे ठरवायला गेल्यास भाव पडतो आणि मनेही दुखावतात. फ्लॅट एक-दोन एजंटांकडेच लेखी आणि मुदतीने द्यावा. दहा जणांकडे दिला की तोच फ्लॅट दहा वेगवेगळ्या किमतींना झळकतो आणि खरेदीदार सर्वांत खालचा आकडा धरून बसतो. मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नयेत. वकिलाच्या कार्यालयात समोर बसून दाखवावेत. कराच्या बाबतीत, वारशाने आलेल्या घराची खरेदी किंमत वडिलांची धरली जाते, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची रास्त बाजार किंमत, रेडीरेकनरच्या मर्यादेत, धरता येते. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आधीच काढून ठेवावा. निवासी भावांना १२.५ टक्के निर्देशांकाविना किंवा २० टक्के निर्देशांकासह (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून), यांत कर कमी येईल तो पर्याय आहे. बहिणीला हा दुसरा पर्याय नाही. प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याच्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत गुंतवले तर सवलत मिळते, आणि हे निर्णय तिघांचे वेगळे असू शकतात. ताबा मात्र शेवटचा रुपया खात्यात आल्यावरच द्यावा.

व्यवहाराचा क्रम असा ठेवावा. विसारपावतीनंतर आपण कर्जाची मंजुरी घ्यावी, मग साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, पूर्ण मुद्रांक शुल्क भरून नोंदवावे, आपल्या वाट्याची रक्कम तिघांच्या खात्यांत हिश्श्याप्रमाणे भरावी आणि तिघांकडून पावत्या घ्याव्यात. बँकेची रक्कम निघाली की त्याच दिवशी मूळ कागद बँकेकडे आणि किल्ली आपल्याकडे यावी. पुष्कळ खरेदीदार इथेच थांबतात, कारण सोसायटी साठेखतावरही नाव लावून देते. साठेखताने मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे पुन्हा स्पष्टपणे सांगितले आहे. दोन्ही भाऊ आणि बहिणीचे मुखत्यारपत्र हाताशी आहे तोवर, नाममात्र मुद्रांकावर होणारे अंतिम खरेदीखत लगेच नोंदवून घ्यावे. पाच वर्षांनी त्यांतल्या एकाची सही मिळवणे फार कठीण जाते.

त्यानंतर सोसायटीकडे हस्तांतराचे अर्ज, ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी भरून पोच घ्यावी, आणि भाग दाखल्याच्या मागे आपले नाव दोन्ही सह्यांसह चढले की त्याची प्रत बँकेला द्यावी. महापालिकेत करआकारणीवर नाव बदलताना स्वतः राहत असल्याबद्दलचा पीटी-३ अर्ज पुराव्यांसह भरावा, म्हणजे मिळकतकरातील ४० टक्के सवलत मिळेल. आधीच्या मालकाची सवलत आपोआप आपल्याकडे येत नाही. वीजबिल आणि गॅसजोडणीची नावे त्याच आठवड्यात बदलून घ्यावीत, आणि सोसायटीकडे आपले स्वतःचे नामनिर्देशनही त्याच वेळी भरून द्यावे.